जमिनीतली तार आणि अंगणातला कुत्रा



‘सर, परदेशात कुत्रा साखळीशिवाय अंगणातच थांबतो, हे कसं?’ व्हिडिओ पाहून मुलं विचारतात. हा विज्ञानाच्या तासाचाच विषय आहे.

अंगणाच्या कडेने जमिनीत तार पुरतात. तिच्यातून क्षीण रेडिओ संदेश फिरतो. कुत्रा जवळ आला की गळपट्ट्यातला रिसीव्हर संदेश पकडतो. आधी बीप वाजते, तरीही पुढे गेला तर गळ्याला झटका बसतो. म्हणजे झटका तारेचा नाही, पट्ट्यातल्या बॅटरीचा! आपल्या शेतातल्या झटका मशीनमध्ये मात्र तारेलाच स्पर्श झाला की झटका बसतो. हा फरक फळ्यावर काढून दाखवा. घरची वीज थेट कुंपणात सोडणं जीवघेणं असतं, हेही बजावून सांगा.

वेल्समध्ये 2010 पासून असे शॉकचे पट्टे वापरायला बंदी आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर आणखी एक अडचण आहे. ही तार कुत्र्याला आत ठेवते, पण बिबट्याला अडवत नाही. त्याच्या गळ्यात पट्टा कुठे असतो? विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात अभ्यास केला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला.

म्हणून उसाजवळच्या वस्तीवर रात्री कुत्र्याला उघड्यावर बांधू नका. वरूनही जाळी असलेलं, कडी लागणारं घर त्याला करून द्या.

मुलांना एवढंच विचारा : आपलं कुंपण नक्की कोणाला अडवतं?