रिठ्याचे पाणी आणि नळातून वाहणारा कोळसा

रिठा आपल्याला नवा नाही. रेशमी साडी किंवा लोकरी शाल धुवायची झाली की आपल्या घरात रिठ्याचे पाणी काढतात. आम्ही कापडाच्या धंद्यात उमर घालवली, पण हाच रिठा खाणीच्या मालालाही उपयोगी पडू शकतो हे आम्हाला उशिरा समजले. एका दलालाने आम्हाला गाठले. "रिठ्याचा साठा करून ठेवा, कारखाने मागतील त्या भावाने घेतील," असे तो म्हणाला. पैसा अडकवण्यापूर्वी आम्ही हा विषय समजून घेतला. तोच येथे मांडत आहोत.

खाणीतला माल बारीक दळून पाण्यात कालवतात आणि पंपाने नळातून दूरवर ढकलतात. या कालवणाला स्लरी म्हणतात. अमेरिकेत ब्लॅक मेसा येथील कोळसा अ‍ॅरिझोनातून नेवाडातील वीज केंद्रापर्यंत सुमारे ४३९ किलोमीटर असाच जात असे. ही वाहिनी १९७० ते २००५ चालली. आपल्या देशात कुद्रेमुखचे लोहखनिज ६७ किलोमीटरच्या नळातून मंगळूर बंदरात उतरत असे. तिथले खाणकाम २००५ अखेर थांबले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात हेडरी ते कोनसरी अशी लोहखनिजाची वाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली.

यातली खरी अडचण सायझिंगवाल्यांना लगेच कळेल. खळीचे पीठ थंड पाण्यात कालवून ढवळणे थांबवले की ते तळाशी बसते. नळातही तेच होते. वेग कमी पडला तर माल खाली बसून थर धरतो. वेग फार वाढवला तर वीज जास्त लागते आणि नळ आतून झिजतो. वीज गेली, पंप थांबला, तर बसलेला माल पुन्हा हलवणे फार कठीण.

येथे रिठा कामास येतो. त्याच्या सालीत सॅपोनिन असते. सॅपोनिनच्या कणाचे एक अंग पाण्याला धरते, तर दुसरे तेलकट पदार्थाला. कोळशाचा कण पाण्याला लवकर धरत नाही. सॅपोनिन त्या कणाला चिकटते आणि पाण्याकडचे अंग बाहेर ठेवते. मग कण पाण्यात भिजतात, एकमेकांपासून अलग राहतात आणि मिश्रण पातळ वाहते. ओडिशातील संशोधकांनी कोळसा-पाण्याच्या स्लरीवर रिठ्याचे असे प्रयोग केले आहेत.

याचा मोठा फायदा पाण्याचा. ब्लॅक मेसाच्या नळात जवळजवळ निम्मे पाणीच असे. ते नवाहो आणि होपी लोकांच्या भूमीखालून उपसले जाई, म्हणून त्याला मोठा विरोध झाला. चांगला सर्फॅक्टंट मिळाला तर स्लरीत वजनाने ६० ते ७० टक्के कोळसा ठेवता येतो आणि पाणी वाचते.

हा तजुर्बा घरी करता येतो. कोळशाची भुकटी मलमलच्या कापडातून गाळून घ्या. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत रिठ्याचे पाणी घेऊन दोन्हींत सारखी भुकटी टाका. साध्या पाण्यावर बरीचशी भुकटी तरंगत राहील, रिठ्याच्या पाण्यात ती भिजून मिसळेल. दोन्ही बाटल्या रात्रभर ठेवून सकाळी तळ पाहा. हलवल्यावर तो सहज उठतो की दगडासारखा घट्ट बसला आहे? नळ बंद पडून पुन्हा सुरू करताना हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आता सावधगिरीच्या गोष्टी. रिठ्याला फेस फार येतो आणि फेस पंपाला त्रास देतो. कोळशाला जे लागू पडते ते लोहखनिजाला लागू पडेलच असे नाही, कारण लोहखनिज मुळातच पाण्याला धरते. सॅपोनिन सालीत असते, बीत नव्हे. म्हणून बियांसकट तोललेल्या पोत्यात आपण निरुपयोगी वजनाचेही पैसे मोजतो. शिवाय जंगलातला माल दरवर्षी सारखा उतरत नाही, आणि कारखान्याला तर रोज एकाच गुणाचा माल हवा असतो.

आम्ही दलालाला एवढेच विचारले, "कोणत्या कारखान्याची लेखी मागणी आहे, कोणत्या खनिजासाठी, आणि सॅपोनिनचे प्रमाण किती हवे?" तो पुन्हा आला नाही. विद्या खरी आहे, पण प्रयोगशाळेतले यश म्हणजे बाजारातली मागणी नव्हे. हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही नव्या मालात आपली पुंजी घालू नका.