गुणांविना प्रश्न : डिजिटल अभ्यासातील एक आरसा

मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत भगवान बुद्ध राहुलाला विचारतात की, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. या साध्या उत्तराचा धागा पकडून तथागत त्याला प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर तपासून पाहण्यास शिकवितात. या प्रश्नास गुण नव्हते आणि चुकल्यास शिक्षाही नव्हती. पुढील उपदेशासाठी राहुलाचे मन जागे व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. अशाच प्रश्नांचा आजच्या डिजिटल अभ्याससाहित्यात कसा उपयोग करता येईल, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२०१७ साली 'स्वयम्' व 'दीक्षा' ही शासकीय शिक्षणव्यासपीठे सुरू झाली. आज आपल्या वस्तीतील तरुण-तरुणीही मोबाईलवर चित्रफिती व प्रश्नसंच तयार करून अभ्यासिकेतील मुलांना पाठवितात. ही स्तुत्य गोष्ट होय. परंतु यांतील बरेच साहित्य नुसते पाहण्याचे असते, नाहीतर शेवटी एकदम गुणांची चाचणी घेणारे असते. या दोहोंच्या मध्ये गुणांविना प्रश्नाची जागा आहे. त्याचे उत्तर कोणाच्या वहीत नोंदले जात नाही, चुकल्यास पुन्हा प्रयत्न करता येतो आणि खुलासा तेथल्या तेथे मिळतो.

वाचणे आणि आठवणे

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी तो मजकूर पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे ८१ टक्के व लिहून काढणारे ७५ टक्के, असे वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. पुन्हा वाचताना सारे ओळखीचे वाटते, म्हणून ते आले असे आपण समजतो. प्रश्न हा भ्रम वेळीच दूर करतो.

भीतीचा प्रश्न

आपल्या समाजासाठी याला आणखी एक बाजू आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यास फळ्याकडे बोलाविले. तेव्हा फळ्यामागे आमचे डबे आहेत, ते बाटतील, म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला. हा प्रसंग चरित्रांतून प्रसिद्ध आहे. उत्तर येत असूनही फळ्यापर्यंत जाणे कठीण, अशी ती परिस्थिती होती. आज घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी चार जणांत चुकण्याच्या भीतीने गप्प बसतो, आणि न विचारलेली शंका वर्षानुवर्षे तशीच राहते. एकट्याने सोडवावयाचा गुणांविना प्रश्न त्याला न लाजता चुकण्याची मुभा देतो. म्हणूनच अशा प्रश्नांची उत्तरे नावासह व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे वा क्रमवारी लावणे आम्हांस अयोग्य वाटते. तसे केल्यास त्याच प्रश्नाची पुन्हा परीक्षा होते.

प्रश्न कसा असावा?

१) पाच-सात मिनिटांच्या भागानंतर एक-दोन प्रश्न पुरेत. ते मुख्य मुद्द्यावर असावेत.

२) चुकीचे पर्याय विद्यार्थी खरोखर करतात त्या चुकांवरून घ्यावेत. उदाहरणार्थ, २०० रुपयांच्या वस्तूची किंमत प्रथम २० टक्क्यांनी वाढविली व नंतर २० टक्क्यांनी कमी केली, तर शेवटची किंमत किती? पर्याय : २००, १९२, २०८.

३) केवळ 'चूक' असे लिहून थांबू नये. २०० निवडणाऱ्यास विचारावे की, दुसऱ्या वेळचे २० टक्के कशाचे काढले? ते २४० चे, म्हणजे ४८ रुपये होतात. म्हणून उत्तर १९२.

४) तोच मुद्दा दोन दिवसांनी व आठवड्याने निराळ्या आकड्यांनी पुन्हा विचारावा.

५) काही पणाला नसले की मुले विचार न करता बटण दाबतात. यास्तव आधी उत्तर वहीत लिहावयास सांगून मगच पर्याय दाखवावेत.

अर्थात, यामुळे खऱ्या परीक्षेची तयारी टळत नाही. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांत चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा होतो. तेथे घड्याळ लावून केलेला सराव हवाच. परंतु तो शेवटच्या टप्प्यात असावा. समजून घेण्याच्या काळातच गुण कापू लागलो, तर विद्यार्थी उत्तर देण्याऐवजी प्रश्न टाळावयास शिकतो.

आपल्या विहारांतील अभ्यासिकांनी या दृष्टीने एखादा धडा घेऊन पाहावा. त्यासाठी मोठा खर्च नाही. एक साधी चित्रफीत, चार नीट निवडलेले प्रश्न आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाचा आपुलकीने लिहिलेला खुलासा, एवढे पुरेसे आहे. बाबासाहेबांनी 'शिका' असे सांगितले. निर्भयपणे चुकता आले, तरच खरे शिकता येते. आरसा चेहऱ्यावरचा डाग दाखवितो, पण त्याबद्दल रागावत नाही. आपले प्रश्नही तसेच असावेत.

जयभीम! नमो बुद्धाय!