कालवडीच्या वाट्याचं दूध

अगं, तुझ्या गोठ्यातली थोरली गाय आता सात महिन्यांची गाभण, आणि घरात ज्याच्यात्याच्या तोंडी एकच, खोंड होईल ना? म्हणूनच आज तुझ्याशी बोलायचंय. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून आपल्या माणदेशात खिल्लार खोंडावर सगळ्यांची नजर. हौस असू दे, दोन पैसेही मिळू देत. खिल्लार गाय आपण दुधाच्या डेअरीसाठी पाळतच नाही, तिचं पीक म्हणजे तिचं वासरू. पण कालवड झाली की तोंडं उतरतात. खोंडाला चारही सडं मोकळी आणि कालवडीला एकच, अशी घरं मी पाहिलीत. तुझ्या दावणीला हे होऊ देऊ नकोस. उद्याचे खोंड तिच्याच पोटी यायचेत.

आणि गोठ्यात रात्री-अपरात्री कंदील घेऊन जाणारी तू आहेस. पाव्हणे शेतावर, मामंजींचे गुडघे धरलेले. त्यामुळे वासराचे पहिले काही तास तुझ्याच हातात असतात, आणि सगळं ठरतं ते तिथंच.

आत्तापासूनच गाईकडे बघ. पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. नुसत्या कडब्यावर तिला ठेवू नकोस. थोडी हिरवी वैरण, ओंजळभर पेंड आणि रोज खनिज मिश्रण दे. तिच्या अंगावरच दूध-मांस नसेल तर वासराला कुठून मिळणार?

व्याल्यावर आधी वासराच्या नाकातोंडातला चिकटा पूस. मग गाईला मनसोक्त चाटू दे, त्यानं वासराचं रक्त खेळतं. नाळ आपोआप तुटली नसेल तर पोटापासून तीन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्यानं बांध, त्याखाली नव्या ब्लेडनं काप आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडव. दोन-तीन दिवस हे औषध लावत राहा. राख, शेण, हळद काही लावू नको. बेंबीतून शिरलेला जंतू गुडघ्यात जाऊन बसतो. सांधे सुजून लंगडणारी कितीतरी वासरं मुळात बेंबीनंच बिघडलेली असतात.

आता चिकाचं. इथं तुला आत्याबाईंशी बोलावं लागेल. वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, हे त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण यात वासरू जातं गं. गाईच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची ताकद वारेतून मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आणि वासराच्या आतड्याला ती शोषून घेता येते फक्त पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या सहा तासांत सगळ्यात चांगली. वासरू वीस-बावीस किलोचं असेल तर पहिल्या दिवसात दोन-सव्वादोन लिटर चीक पोटात गेला पाहिजे, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आत्याबाईंना सांग, वासरू पिऊ लागलं की गाईची पिशवी आवळते आणि वार पडायलाही मदतच होते. हे त्यांना पटेल, कारण त्यांनाही काळजी गाईचीच आहे. वार बारा तासांत नाही पडली तर डॉक्टरांना बोलाव, ओढू नको, तिला वजनही बांधू नको. खरवसाचं म्हणशील तर वासराचं पोट भरून उरलं तरच. शेजारणीला वाटी नाही गेली म्हणून कुणी रुसलं तर रुसू दे.

वासरू दहा-पंधरा दिवसांचं झालं की जंताचं पहिलं औषध. इतक्या लहानाला जंत कुठून, असं म्हणतील. मोठे गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, डॉक्टर वजन बघून देतील तेवढं. हगवण लागली तर दूध तोडू नको. मानेची कातडी चिमटीत धरून सोड. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, तर पाणी आटलंय. क्षारांच्या पुडीचं पाणी दोन पाजण्यांच्या मध्ये थोडं थोडं देत राहा आणि १९६२ ला फोन लाव, फिरता दवाखाना येतो.

लसी तू चुकवणार नाहीस, माहीत आहे मला. लाळ्या-खुरकुताची चौथ्या महिन्यात, महिन्यानं पुन्हा, मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. लम्पीची दरवर्षी, कारण २०२२ मध्ये वासरं कशी गेली ते आपण बघितलंय. पण एक लस फक्त कालवडीची असते, सांसर्गिक गर्भपाताची. चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. कालवडीकडे लक्ष नसलेल्या घरात नेमकी हीच राहून जाते. मग तीन वर्षांनी गाय गाभ टाकते आणि सगळे नशिबाला बोल लावतात. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा गाभ टाकलेल्या गाईची वार उघड्या हातानं कधी उचलू नको.

मामंजींशी मात्र वेगळ्या भाषेत बोल, त्यांना हिशोब कळतो. दुधाला तोडलेली कालवड खुरटते, माजावर कितीतरी उशिरा येते, आणि तेवढा काळ ती दावणीला वैरण खात रिकामी उभी राहते. लहानपणी वाचवलेलं दूध असं दामदुपटीनं जातं. त्यांना आणखी एक विचार, तुमच्या गोठ्यातला वळू किती वर्षं तोच आहे? त्याच्याच मुली आता भरवायला आल्या असतील. बाप-लेकीची वासरं कमजोर निघतात. खरसुंडीच्या जत्रेत किंवा पंढरपूरच्या कार्तिकीत बदलून आणा म्हणावं, दुसऱ्या गावचा, चांगल्या आईचा.

आणि हे सगळं डोक्यात ठेवायचं नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात लिही. गाय कधी भरवली, एकविसाव्या दिवशी उलटली का, व्यायची तारीख साधारण साडेनऊ महिन्यांनी, जंताचं औषध कधी, लस कधी. प्रत्येक वासराच्या नावापुढे, कालवड असो की खोंड. बाजारात खोंडाला गिऱ्हाईक विचारतं आदत की दोन दाती, तेव्हा जन्मतारीखही तुझ्याच हातची दाखवता येईल. व्यायला आली की मला फोन कर, चिकाच्या वेळी आत्याबाईंशी मीच बोलते.