मोडीचा भाव

इतवारीच्या सराफ्यात मी ३१ वर्षं तराजूपाशी बसलो. त्याआधी, दहावीत असताना, एकदा आईसोबत तराजूच्या पलीकडे उभा राहिलो होतो. पुढचे बोल दोन्ही बाजूंचे आहेत.

१. फलकावरचा भाव सोनं घेणाऱ्यासाठी असतो. मोडायला गेलात की आकडा खाली येतो. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याशिवाय जी ‘घट’ कापतात, तिच्याकडे नीट बघा.

२. घट ही दुकानदाराच्या शंकेची किंमत असते. माझ्या फीसाठी आईनं एकदाणी मोडली. तिच्या मण्यांत लाख भरलेली. लाख किती नि सोनं किती, बाहेरून कुणालाच दिसेना. दुकानदारानं अंदाजानं भरपूर कापलं. घरी येईस्तोवर आई एक शब्द बोलली नाही. त्यानं लुबाडलं, असं मी कित्येक वर्षं मनात धरून होतो. पुढे तोच अंदाज मला करावा लागला, तेव्हा उमगलं: माल कळत नसेल तर माणूस स्वतःला सांभाळूनच भाव सांगतो. म्हणून आधी डोळ्यांदेखत आटवायचं, लगड कसाला लावायची, मग भाव बोलायचा. कॅरट मीटरवर विसंबू नका. ते वरचा थर वाचतं, आतली लाख त्याला दिसत नाही.

३. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी. ९१६ च्या बांगडीवर आता वाद होत नाही. गरिबाच्या दागिन्याचं इतकं भलं दुसऱ्या कुठल्या नियमानं केलेलं मी पाहिलं नाही.

४. पुढचं गिऱ्हाईक जितकं दूर, तितकी कपात मोठी. साधं वळं लगेच खपतं. मोत्यांची नथ पडून राहते, मोत्यांचे पैसे जवळजवळ बुडतात. शेअरचंही तसंच: मोठ्या कंपनीत घेण्या-विकण्याच्या भावात काही पैशांचा फरक, तर लहान कंपनीत तुमच्याच खरेदीनं भाव चढतो.

५. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्याचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. त्या दुपारी मोड घ्यायला आमचा हात धजेना. विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळलंय की काय, ही धास्ती. जॅक ट्रेनर या अमेरिकी अभ्यासकानं १९७१ मध्ये टोपणनावानं हेच मांडलं होतं: बाजारात भाव देणारा जाणकारांकडून मार खातो आणि तो तोटा केवळ गरजेपोटी आलेल्यांकडून भरून काढतो. ते वाचलं नि मला आई आठवली. तिला भावातलं काहीच माहीत नव्हतं, फक्त फी भरायची होती. दुसऱ्या कुणाच्या हुशारीचे पैसे तिनं भरले.

६. दोन दुकानं फिरा, उजेडी फिरा. संध्याकाळी शेवटच्या दुकानात शिरलेल्याची घाई चेहऱ्यावर दिसते.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई पोत घेऊन आली. आधी भाव नाही विचारला. म्हणाली, “माह्यासमोर आटवता का जी?” मी खुर्ची भट्टीजवळ सरकवली आणि तिला बसवलं.