वकिलाविरुद्ध दाद कुठे मागायची?

प्रश्न : वकीलसाहेब तारखांना हजर न राहिल्याने माझा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा काढून टाकला गेला. आता उरलेली फी दिल्याशिवाय ते कागदही देत नाहीत. ग्राहक मंचात जाऊ का? की वकिलांविरुद्ध काहीच करता येत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दाद नक्की मागता येते. मात्र ग्राहक आयोगात नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

तक्रारीआधी दावा वाचवा. तो पुन्हा चालू करून घेण्याचा अर्ज आदेशापासून ३० दिवसांत करायचा असतो. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. उत्पन्न कितीही असो, महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

फी थकली म्हणून कागद अडवणे हा तर सरळ अन्याय आहे. वकिलाला तो अधिकार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल. कागदांची मागणी लेखी करा, पोचपावती जपा.

मग अधिवक्ता अधिनियम, १९६१च्या कलम ३५खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार द्या. दोष सिद्ध झाल्यास ताकीद मिळते, सनद निलंबित किंवा रद्दही होते. वर्षभरात निर्णय न झाल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. नुकसानभरपाईसाठी मात्र वेगळा दिवाणी दावा करावा लागेल.

नुसता दावा गेला, एवढे कारण तक्रारीला पुरत नाही. न्यायालयातून रोजनाम्याच्या प्रमाणित नकला काढा. वकिलांची गैरहजेरी त्यातूनच दाखवता येईल.