'शेजवान'च्या ताटात काय असते?

जळकोटहून उदगीर, लातूर किंवा नांदेडला कामानिमित्त जाणाऱ्या आपल्या तरुणांना 'शेजवान राईस' आता नवा राहिलेला नाही. परंतु मुंबई-हैदराबादेत कोणी अस्सल सेचुआन हॉटेलात प्रथमच नेले, तर पहिल्याच घासाला माणूस चकित होतो. गाडीवर खाल्ले ते हे नव्हेच! हॉटेलच्या धंद्यात उतरू इच्छिणाऱ्यांनी हा फरक जाणून घ्यावा, म्हणून हा प्रपंच.

सेचुआन हा चीनच्या नैऋत्येकडील प्रांत. तिथल्या जेवणात तिखटाबरोबर जिभेला मुंग्या येतात. हे काम एका लहानशा सुगंधी फळाच्या सालीचे. आपल्या कोकणात माशाच्या कालवणात तिरफळ घालतात, त्याचेच हे भावंड. मिरची मात्र मूळची त्यांचीही नाही नि आपलीही नाही. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातून आली.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील 'गोल्डन ड्रॅगन'ने १९७०च्या दशकात ही चव आपल्याकडे आणली. गाड्यांपर्यंत पोचता पोचता मुंग्या आणणारे फळ गळाले; सुकी मिरची, लसूण, व्हिनेगर आणि सोया सॉस उरला. आम्ही त्याला नकली म्हणणार नाही. ती इथली चव आहे आणि तिच्यावर अनेकांची चूल पेटते.

खरा प्रश्न हलालचा. अस्सल सेचुआन स्वयंपाकात डुकराचे मांस, त्याची चरबी आणि तांदळाची दारू सर्रास वापरतात. 'मापो टोफू' हे नाव सोयाच्या पनीरचे, पण मूळ पदार्थात खिमा असतो. तेव्हा "चिकन हलाल आहे का?" एवढे विचारून भागत नाही. दारू घातली आहे का, चरबी कसली, कढई वेगळी आहे का, हेही ऑर्डर देण्यापूर्वी विचारावे. यात लाजण्यासारखे काय आहे? चीनमधील हुई मुसलमान या वस्तू वगळूनच हॉटेले चालवतात व तशी पाटी लावतात.

आपल्या गावात गाडी लावणाऱ्यानेही ग्राहकाच्या याच प्रश्नांची तयारी ठेवावी. सॉसच्या बाटलीवरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो; त्यात मद्य आहे की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. सोया सॉस आंबवून करतात, त्याविषयी शंका असल्यास उलेमांना विचारावे. बाटल्या समोर मांडून ठेवाव्यात, म्हणजे ज्याला वाचायचे तो वाचेल. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली गाडीचीही नोंदणी लागते, ती आधी करावी. आणि भातात बाजारी लाल रंग टाकू नये. ब्याडगी मिरची कोमट पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटावी आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावी. रंग आपोआप येतो.