आकाशांतील डोळा आणि घराची चौकट

गांवांत यात्रा भरली असतां किंवा नदीस पूर आला असतां आकाशांत एक लहानसें यंत्र भुणभुणत फिरतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. तेंच ड्रोन होय. त्याच्या पोटाशीं असलेला कॅमेरा जें पाहतो, तें दूर उभा असलेला पोलीस पडद्यावर पाहत असतो. हरवलेलें मूल शोधणें, चेंगराचेंगरीपूर्वीं गर्दी वळविणें, अशीं लोकोपयोगी कामें त्याच्या योगें होतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र जो डोळा गर्दी पाहतो, तोच आमचें अंगणही पाहूं शकतो. तेव्हां पहारा कोठें संपतो व पाळत कोठें सुरू होते, याचा विचार करणें अवश्य आहे.

हा प्रश्न ड्रोनहून जुना आहे. उत्तर प्रदेशांत खडकसिंग नांवाच्या गृहस्थावर दरोड्याचा आरोप आला होता. पुराव्याअभावीं तो सुटला. तरीही पोलीस रात्रीं त्याच्या दारावर थाप मारीत. सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं ही रीत घटनाविरुद्ध ठरविली. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असें बहुमतानें मानलें नाहीं. न्यायमूर्ति सुब्बा राव यांचा अभिप्राय वेगळा होता. खासगीपणावांचून व्यक्तिस्वातंत्र्य पुरें होत नाहीं, असा त्याचा आशय. पंचावन्न वर्षांनीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें तो हक्क मान्य केला. सरकारास त्यांत हात घालावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतु रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मानानें बेताचा हवा.

रात्रीं दारावर पडणारी थाप ऐकूं तरी येते. उंचावरील डोळा कोणाकडे पाहत आहे, तें खालच्यास कळत नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत पॅरिसचे पोलीस ८० ते १०० मीटर उंचीवरून ड्रोननें रस्ते पाहत होते. अशा पाहण्यानें कोणी ओळखूं येत नाहीं, असें सरकारचें म्हणणें होतें. परंतु यंत्र खालीं उतरूं शकतें, त्याचें भिंग दूरचें जवळ आणूं शकतें, हें पाहून तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें १८ मे रोजीं, नियम नसतां हा उपयोग करूं नये, असा हुकूम दिला. पुढें जानेवारी २०२२ मध्यें कायदा झाला. त्यानें पोलिसांस ड्रोन वापरूं दिलें. पण आवाज टिपण्यास व यंत्राकडून चेहरा ओळखविण्यास मनाई केली. म्हणजे यंत्र बंद झालें नाहीं. त्यास लगाम बसला.

कित्येक पालक म्हणतील, "कर नाहीं त्याला डर कशाला?" पण आपण रात्रीं दारास कडी लावतों, ती कांहीं चोरीचा माल लपविण्याकरितां नव्हे. पोलीस आपले वैरी नव्हेत. तथापि, कोणत्या कायद्यानें पाहतां, कशाकरितां पाहतां, आणि चित्रें किती दिवस ठेवणार, असें नम्रपणें विचारणें हें नागरिकाचें कर्तव्य होय.

विद्यार्थ्यांसही एक सांगणें आहे. आतां खेळण्यांतलीं ड्रोनें मुलांच्या हातीं आलीं आहेत. तीं शेजाऱ्याच्या अंगणावर नेऊं नयेत. जो मान आपण सरकारापासून मागतों, तो आधीं शेजाऱ्यास द्यावयास शिकलें पाहिजे.